जुन्या ट्रॅक्टरवर काय नसते?

कराडला लागून असलेल्या मलकापुरातून पुणे-बेंगळूर महामार्ग जातो आणि तेथूनच ढेबेवाडीकडे फाटा फुटतो. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की या रस्त्यावर ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागते. त्यांत नवे असतात तसे बरेच जुनेही असतात. त्याहून जुने ट्रॅक्टर आसपासच्या गावांत गोठ्याशेजारी, पत्र्याच्या छपराखाली उभे असतात. अशा यंत्राला दोन प्रकारचे गिऱ्हाईक असते. एकाला स्वस्तात काम भागवायचे असते. दुसऱ्याला हौस असते. आजोबांच्या काळातला ट्रॅक्टर पुन्हा चालता करून दारात उभा करायचा असतो.

दोघेही व्यवहाराच्या वेळी साधारण तेच तीन प्रश्न विचारतात. इंजिन कसे आहे? टायर किती घासले आहेत? कागदपत्रे आहेत का? हे प्रश्न योग्यच आहेत. आम्ही येथे चौथा प्रश्न मांडणार आहोत: या ट्रॅक्टरवर काय नाही?

यंत्र जुने असते म्हणजे ते केवळ झिजलेले असते असे नाही. ते ज्या वर्षी बनले त्या वर्षापर्यंत धोक्यांविषयी जेवढे कळलेले होते, तेवढेच त्यात उतरलेले असते. पुढे माणसे दगावली, अभियंत्यांनी विचार केला, कायदे झाले आणि एकेक भाग वाढत गेला. जुन्या यंत्रावर हे भाग नसतात. म्हणून जुना ट्रॅक्टर सुरक्षितपणे घ्यायचा आणि घरी आणायचा असेल, तर ट्रॅक्टरचा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा लागतो. या इतिहासात शाळेतल्या भौतिकशास्त्राची बरीच उदाहरणे आहेत.

दगड लागला की बैल थांबतो

सुरुवात आपल्याच भागातून करू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपायला फार वेळ लागला. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींच्या मदतीने कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर त्यांनी कारखाना व वसाहत उभारली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

लाकडी नांगर असो वा लोखंडी, तो ओढणारा बैल होता. फाळ दगडात किंवा मुळीत अडकला की बैल थांबतो. शेतकरी नांगर मागे घेतो, उचलतो, पुढे जातो. म्हणजे या जोडणीत एक सुरक्षा-साधन आधीपासूनच होते आणि ते जिवंत होते. कोणी ते मुद्दाम बसवलेले नसल्याने त्याची कोणी नोंदही घेतली नाही. बैलाच्या जागी इंजिन आले तेव्हा हे साधन गळून पडले. इंजिनाला दगड लागल्याचे कळत नाही. ते ओढतच राहते.

फोर्डसन

हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर १९१७ साली बाजारात आला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्नधान्याची टंचाई होती, म्हणून सुरुवातीचे हजारो ट्रॅक्टर तिकडेच गेले. हलका, स्वस्त आणि मोठ्या संख्येने बनवलेला असा हा पहिलाच ट्रॅक्टर म्हणता येईल. त्याची रचनाही नवी होती. त्याला वेगळा सांगाडा नव्हता. इंजिन, गिअरपेटी आणि मागचा आस यांची ओतीव कवचे एकमेकांना बोल्टने जोडली होती आणि तोच ट्रॅक्टरचा कणा होता. पुढचे बहुतेक ट्रॅक्टर याच पद्धतीने बनले. जुना ट्रॅक्टर तपासताना ही गोष्ट आपल्याला पुन्हा लागणार आहे.

फोर्डसनची एक दुष्कीर्तीही होती. तो मागच्या मागे उलटत असे. फाळ अडकला किंवा मागची चाके चिखलात रुतली की पुढची चाके हवेत उठत आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर पडे. १९२० च्या दशकात अमेरिकेत अशा मृत्यूंवरून बरीच टीका झाली. पुढे त्याला मागे लांबवर येणारे मडगार्ड बसवण्यात आले. ट्रॅक्टर उठू लागला की ते जमिनीला टेकावेत हा त्यांचा हेतू होता.

हे उलटणे इतके झटपट होते की चालकाला काही करण्याइतका वेळच राहत नाही. पूर्ण उलटायला सुमारे दीड सेकंद लागतो. ज्या क्षणानंतर क्लच दाबूनही उपयोग नाही तो क्षण त्याच्या निम्म्या वेळातच येऊन जातो. चालकाला धोका कळून पाय हलेपर्यंत तेवढा वेळ जातोच. म्हणून ‘सावध चालक असला की झाले’ हे उत्तर येथे पुरत नाही.

साखळी कोठे बांधली?

ट्रॅक्टर मागे का उलटतो याचे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला करता येते. एक लहान जुना ट्रॅक्टर घेऊ. वजन ११५० किलो. पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर १.८ मीटर. वजनाचा एक तृतीयांश भाग पुढच्या चाकांवर आणि दोन तृतीयांश मागच्या चाकांवर. मग त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ०.६ मीटर पुढे येतो.

मागची चाके जमिनीला टेकतात तो आपला टेकू. ट्रॅक्टरला खाली धरून ठेवणारे परिबल, म्हणजे वजन गुणिले अंतर, ११५० × ०.६ = ६९०. आता मागे अवजड ओंडका साखळीने बांधला आहे असे समजू. साखळीची ओढ ट्रॅक्टरला मागे उलटवू पाहते. तिचे परिबल म्हणजे ओढ गुणिले साखळी बांधल्याची जमिनीपासूनची उंची.

साखळी खालच्या हुकाला, ०.४ मीटर उंचीवर बांधली असेल तर पुढची चाके उचलायला ६९० ÷ ०.४, म्हणजे सुमारे १७२५ किलोची ओढ लागेल. पण कोरड्या मातीवर टायरची पकड फार तर वजनाच्या सात दशांशाइतकी असते. येथे ती सुमारे ८०० किलो येते. ओढ तेथवर पोचली की चाके जागच्या जागी घसरू लागतात. ट्रॅक्टर उलटत नाही.

तीच साखळी कोणी १ मीटर उंचीवर, आसनामागच्या कंसाला बांधली तर ६९० किलोची ओढ पुरते. पकड ८०० किलोची आहे. म्हणजे चाके घसरण्याआधीच ट्रॅक्टर उलटतो. ट्रॅक्टर तोच, चालक तोच, ओंडकाही तोच. साखळी साठ सेंटिमीटर वर बांधली एवढाच फरक.

रुतलेल्या चाकाला लाकूड बांधून ट्रॅक्टर बाहेर काढण्याची पद्धत याहूनही घातक आहे. लाकडामुळे चाक फिरू शकले नाही, तर इंजिन आसाभोवती चाकाऐवजी सगळा ट्रॅक्टरच फिरवू लागते. पहिल्या गिअरमध्ये गती कित्येक पटींनी कमी होते आणि परिबल जवळजवळ तितक्याच पटींनी वाढते. त्यामुळे लहान इंजिनालाही हे सहज जमते.

फर्ग्युसनची तीन टोके

या प्रश्नावर मुळापासून विचार करणारा माणूस होता आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन. शेतकऱ्याचा मुलगा, १९०९ मध्ये स्वतः बनवलेल्या विमानातून उडालेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडच्या कृषिखात्याने ट्रॅक्टरांचा वापर सुधारण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. ट्रॅक्टर आणि नांगर यांना केवळ साखळीने जोडणे चुकीचे आहे, दोघांचे मिळून एकच यंत्र व्हायला हवे, असे त्याने ठरवले.

त्यातून तीन टोकांची जोडणी निघाली. खाली दोन दांडे, वर एक. आपले शेतकरी त्या वरच्या दांड्याला ‘टॉपलिंक’ म्हणतात. नांगराला जमिनीचा विरोध झाला की तो पुढे कलंडू पाहतो आणि टॉपलिंकमधून ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. म्हणजे जी ओढ ट्रॅक्टरला मागे उलटवत होती, तिच्यातूनच त्याला खाली दाबणारे बल मिळाले. १९३६ पासून ही जोडणी असलेले ट्रॅक्टर विक्रीला आले. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री येथे टीई-२० या प्रकारचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले. आज जगभरचे हौशी लोक जे जुने ट्रॅक्टर जमवतात त्यांत हा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर नेहमी दिसतो. वरचे गणित करताना आम्ही याच्याच मापांच्या जवळपासचे आकडे घेतले आहेत.

पण एक लक्षात घ्यावे. फर्ग्युसनची जोडणी नीट जोडलेल्या अवजारापुरतीच राखण करते. टॉपलिंक काढून त्याच जागी साखळी बांधली की आपण पुन्हा १९१७ सालात जातो.

कडेला उलटणे आणि स्वीडनचा कायदा

मागे उलटण्यावर उपाय निघाला तरी कडेला उलटणे राहिलेच. ट्रॅक्टरला चार चाके असतात, पण त्याचा खरा आधार तिपाईसारखा असतो. खडबडीत जमिनीवर चारही चाके टेकावीत म्हणून पुढचा आस मध्यावर एका खिळीवर डोलता ठेवलेला असतो. त्यामुळे ट्रॅक्टर कलू लागला की आधाराची तीन टोके धरावी लागतात. मागची दोन चाके आणि पुढची ती खिळी.

मागच्या चाकांमधले अंतर १.२ मीटर धरा. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६५ मीटर उंच धरा. चौकोनी आधार असता तर मध्यापासून काठ ०.६ मीटरवर आला असता आणि ट्रॅक्टर सुमारे ४३ अंशांपर्यंत तग धरून राहिला असता. पण आधार त्रिकोणी असल्याने गुरुत्वमध्याच्या जागी काठ ०.४ मीटरवरच येतो आणि ही मर्यादा सुमारे ३२ अंशांवर उतरते.

वळणावर हेच घडते. ताशी २० किलोमीटर वेगाने ६ मीटर त्रिज्येचे वळण घेतले तर बाहेर ढकलल्याचा जो परिणाम जाणवतो, तो सपाट जमीन २७-२८ अंशांनी कलल्यासारखा असतो. ट्रॅक्टर कसाबसा टिकतो. वेग ताशी २५ झाला की हा आकडा ३९ अंशांच्या आसपास जातो आणि ट्रॅक्टर उलटतो. वेग सव्वापट झाला, परिणाम दीडपटीहून जास्त झाला. कारण येथे वेगाचा वर्ग येतो.

उलटणे टाळता आले नाही तरी चालकाला चिरडण्यापासून वाचवता येईल का? या प्रश्नाचे उत्तर स्वीडनने दिले. आसनाभोवती पोलादाची मजबूत चौकट बसवायची, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तरी चालकापुरती जागा शिल्लक राहते. चौकट पुरेशी मजबूत आहे की नाही हे अवजड लोलकाने ठोकर देऊन तपासले जाई. नोकर माणसे चालवतील अशा नव्या ट्रॅक्टरांवर ही चौकट स्वीडनने १९५९ मध्ये सक्तीची केली. पुढच्या दशकांत तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ संपले. ब्रिटनने १९७० पासून नव्या ट्रॅक्टरांना असे संरक्षण आवश्यक केले. अमेरिकेत १९८५ पासून उत्पादकांनी ते आपणहून द्यायला सुरुवात केली.

चौकटीबरोबर आसनाचा पट्टा लागतो, नाहीतर चालक चौकटीबाहेर फेकला जातो. चौकट नसेल तर मात्र पट्टा बांधू नये, कारण तो माणसाला ट्रॅक्टरखालीच जखडून ठेवतो. उन्हापासून आडोसा म्हणून बसवलेले छत म्हणजे चौकट नव्हे. गावातल्या वर्कशॉपमध्ये पाइप वाकवून केलेला सांगाडाही नव्हे. त्यासाठी ओतीव आसाला भोके पाडली तर उलट आसच दुबळा होतो.

फिरता दांडा

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला इंजिनाची शक्ती अवजाराला देणारा एक दांडा असतो. शेतकरी त्याला ‘पीटीओ’ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो ट्रॅक्टरवर येऊ लागला आणि पुढे अमेरिकेत त्याची गती मिनिटाला ५४० फेरे अशी प्रमाण ठरली. म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा ओढणी त्यात अडकली, तर हात मागे घेण्याआधीच कापड अनेक वेढे गुंडाळलेले असते. यावर उपाय साधा आहे. दांड्यावर न फिरणारे झाकण घालावे. पण जुन्या ट्रॅक्टरवरचे झाकण दुरुस्तीच्या वेळी काढले जाते आणि बहुधा परत बसत नाही.

आपल्याकडे मळणीयंत्रांवर हात तुटण्याचे अपघात वाढल्यानंतर १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे नियमन कायदा झाला. तोही याच मालिकेतला. आधी यंत्र, मग अपघात, मग साधन आणि कायदा.

आपल्याकडचे जुने ट्रॅक्टर

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात ट्रॅक्टर बनत नव्हते. युद्धातून उरलेली अमेरिकी यंत्रे घेऊन केंद्र सरकारने १९४७ मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन केली. मध्य भारतात कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोकळ्या करणे हे तिचे मोठे काम. त्यासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेने एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. १९५१ मध्ये देशभरात मिळून सुमारे साडेआठ हजार ट्रॅक्टर होते. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. १९६० च्या दशकात मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे, तर मुंबईत महिंद्रांच्या सहभागाने १९६३ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी असे कारखाने उभे राहिले. ‘बी-२७५’ हा या कंपनीचा ट्रॅक्टर जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवतो.

म्हणजे आज गोठ्याशेजारी सापडणारा ट्रॅक्टर बहुधा १९६० ते १९८० या काळातला असतो. त्याला फर्ग्युसनची जोडणी असते. स्वीडनची चौकट नसते.

घेताना काय पाहावे?

आता चौथ्या प्रश्नाकडे येऊ. पहिली पाहणी इंजिन सुरू न करता करावी. ट्रॅक्टरला सांगाडा नसतो हे आपण पाहिले. म्हणून इंजिन, क्लचचे कवच आणि गिअरपेटी यांच्या सांध्यांवर तडा किंवा वेल्डिंगची रेघ आहे का ते आधी बघावे. तेथला तडा म्हणजे कण्यालाच तडा. नंतर स्टिअरिंगमधला ढिलेपणा, पुढच्या चाकांचे बेअरिंग, टायरच्या बाजूंवरच्या भेगा आणि पीटीओवरचे झाकण पाहावे. ब्रेक दोन असतात, डावा आणि उजवा. शेतात वळताना ते वेगळे वापरतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल एका कडीने जोडावे लागतात. ही कडी नसेल, तर जोरात ब्रेक दाबताना पाय एकाच पेडलवर पडतो आणि ट्रॅक्टर गर्रकन वळतो. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

कित्येक वर्षे उभा असलेला डिझेल ट्रॅक्टर ‘बघू चालतो का’ म्हणून एकदम सुरू करणे धोक्याचे असते. इंधनपंपातला दांडा गंजून उघड्या स्थितीत अडकलेला असू शकतो. मग गव्हर्नरचा ताबा राहत नाही आणि इंजिन वेडेवाकडे वेग घेते. म्हणून पंप आधी तपासून घ्यावा आणि इंजिनाकडे जाणारी हवा बंद करण्याची सोय हाताशी ठेवावी.

कागद हाही सुरक्षेचाच भाग आहे. नोंदणी पुस्तकातले चासी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष पडताळावेत. बँकेचा बोजा उतरला आहे का, मूळ मालक वारला असेल तर वारसांची संमती आहे का, हे पाहावे. विमा नसलेला ट्रॅक्टर रस्त्यावर आणून अपघात झाला, तर दुसऱ्याच्या घराचे नुकसान भरून देणारे कोणी नसते.

घरी आणताना

समजा पुण्याकडून ट्रॅक्टर मलकापूरला आणायचा आहे. वाटेत खंबाटकी घाट लागतो. चिपळूणकडून आणायचा तर कुंभार्ली घाट चढावा लागतो. सौदा झाला की ‘चालवतच नेऊ’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण ज्याचे ब्रेक आपण ओळखत नाही तो ट्रॅक्टर घाटात उतरवणे म्हणजे काय, याचा हिशोब करून पाहा. दोन टनांचा ट्रॅक्टर १०० मीटर उंचीवरून खाली आला, तर सुमारे २० लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. सहा लीटर गार पाणी उकळीला आणायला एवढीच उष्णता लागते. गिअर टाकून उतरले तर यातला मोठा वाटा इंजिन घेते. डिझेल वाचवायला गिअर न्यूट्रल केला, तर सगळी उष्णता ब्रेकवर येते आणि जुने अस्तर तापले की त्याची पकड सुटते.

दोराने किंवा साखळीने ओढत नेणेही तितकेच वाईट. दोर ओढू शकतो, अडवू शकत नाही. उतारावर पुढचे वाहन थांबले की मागचा ट्रॅक्टर त्याच्यावर येऊन आदळतो. म्हणून लांबचा प्रवास असेल तर कमी उंचीच्या तळाच्या वाहनावर लादून आणणे उत्तम.

लादताना सर्वांत जास्त धोका उतरंडीच्या फळ्यांवर असतो. वाहनाचा तळ १ मीटर उंच आणि फळी ३ मीटर लांब असेल तर चढ १९-२० अंशांचा होतो. पुढे तोंड करून चढणाऱ्या ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या टेकूपासून सपाटीवर ६० सेंटिमीटर पुढे होता. या चढावर ते अंतर ३५ सेंटिमीटरच उरते. त्यातच क्लच झटक्याने सोडला की फोर्डसनची गोष्ट पुन्हा घडते. म्हणून आसनावर कोणीही न बसता विंचने ओढून चढवणे सर्वांत चांगले. चालवूनच चढवायचा असेल तर रिव्हर्समध्ये, सावकाश चढवावा. तेव्हा तो मागच्या मागे उलटू शकत नाही. त्या वेळी फळ्यांजवळ किंवा मागे कोणी उभे राहू नये. अनेक शेतकरी पकड वाढवण्यासाठी मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. एका टायरमध्ये शे-दीडशे लीटर पाणी सहज मावते. म्हणजे पुस्तकातल्या वजनात दोन-तीनशे किलोंची भर पडते. वाहन आणि साखळ्या ठरवताना हे वजन धरावे किंवा पाणी आधी काढावे.

वर चढवल्यावर इंजिन बंद, गिअर टाकलेला, ब्रेक लावलेला, बॅटरीची तार सोडलेली आणि इंधनाची तोटी बंद असावी. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. पण ठोकळे आणि ब्रेक यांवर भिस्त ठेवू नये. ब्रिटनमधल्या मालवाहतुकीच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या पूर्ण वजनाइतके आणि बाजूला व मागे निम्म्या वजनाइतके बल सहन करायला हवे. वाहन अचानक थांबते तेव्हा ट्रॅक्टर जडत्वाने पुढेच जात राहतो, म्हणून हा आकडा मोठा. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, त्याही आसाच्या भक्कम भागाला बांधाव्यात. स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा पत्र्याला बांधू नयेत. तिरकी साखळी आपल्या ताणाचा काही भागच पुढे-मागे धरून ठेवते. ४५ अंशांवर तो सात दशांश असतो. ट्रॅक्टर स्वतःच्या टायरवर उसळतो आणि साखळ्या ढिल्या पडतात. म्हणून पाच-दहा किलोमीटरवर थांबून, आणि घाट लागण्याआधी पुन्हा एकदा, त्या आवळाव्यात. ट्रॅक्टरचे तोंड मागे असेल तर वाऱ्याने बॉनेट उघडते. तेही दोरीने बांधून घ्यावे.

वर्गासाठी

आपल्या भागातल्या शाळांत हा विषय शिकवण्याचे आणखी एक कारण आहे. ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, तरी आठवी-नववीतली मुले शेतात ट्रॅक्टर चालवताना दिसतात आणि त्यांची धाकटी भावंडे मडगार्डवर बसलेली असतात. मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे ट्रॅक्टर हे स्वतःवर भार वाहण्यासाठी बनवलेले वाहनच नाही. ब्रिटनने १९५८ मध्येच १३ वर्षांखालील मुलांना ट्रॅक्टरवर बसण्यास मनाई केली. मुलांना नुसते ‘बसू नका’ म्हणण्यापेक्षा का बसू नये हे त्यांनीच मोजून काढले तर अधिक बरे.

त्यासाठी तीन गोष्टी करता येतील. एक, पुठ्ठ्याचे दोन सारखे ठोकळे घ्यावेत. एकाला चार कोपऱ्यांत चार पाय आणि दुसऱ्याला मागे दोन व पुढे मध्यावर एक असे तीन पाय लावावेत. दोन्ही फळीवर आडवे ठेवून फळी हळूहळू तिरपी करावी आणि कोनमापकाने उलटण्याचा कोन मोजावा. दोन, इंजिन बंद करून किल्ली काढून घेतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांमधले अंतर, आसांमधले अंतर आणि हुकाची उंची मुलांनी टेपने मोजावी आणि वरची गणिते स्वतःच्या आकड्यांनी करावीत. गुरुत्वमध्याची उंची आम्ही धरली तेवढीच धरली तरी चालेल. तीन, गावात पहिला ट्रॅक्टर कधी आला, कोणत्या कंपनीचा होता, त्यावर काय काय नव्हते आणि पुढे काय बसवले गेले, हे जुन्या चालकांना विचारून लिहून काढावे. ही माणसे आज सत्तरी-ऐंशीची आहेत. त्यांच्याकडे साखळी कोठे बांधावी याचे ज्ञान आहे आणि ते बऱ्याचदा कोणाच्या तरी मरणातून आलेले आहे. ते विचारून घ्यायला फार वर्षे उरलेली नाहीत.